बांगड्याची उंची भागिले लांबी: गुणोत्तर कुठे चालते, कुठे फसवते

प्रश्न थोडक्यात असा. दोन बंदरांवरून प्रत्येकी तीस बांगडे आणले. प्रत्येकाची शरीराची उंची (पाठीपासून पोटापर्यंत) भागिले लांबी असे गुणोत्तर काढले. पहिल्या बंदराची सरासरी २१.० टक्के आली, दुसऱ्याची २२.४ टक्के. पहिल्या गटातले मासे सरासरी १८० मिमी लांब, दुसऱ्यातले २४० मिमी. तर दुसऱ्या बंदराचे बांगडे अंगाने जास्त भरलेले म्हणायचे का, की ती जातच वेगळी?

जात वेगळी म्हणायला या आकड्यांत काहीच आधार नाही. आणि 'अंगाने भरलेले' म्हणण्याइतकाही पुरावा अजून नाही, कारण दोन्ही गटांतले मासे एका मापाचे नाहीत. त्याचे गणित पुढे येईलच. पण आधी मापांकडे बघू. गुणोत्तराच्या बहुतेक भानगडी भागाकारात नसतात, पट्टी कुठे लावली त्यात असतात.

तुम्ही 'लांबी' एवढेच लिहिले आहे. माशाच्या लांब्या तीन. जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या अगदी शेवटापर्यंत ती एकूण लांबी. जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत ती बेचक्याची लांबी. आणि जबड्यापासून शेपटीचा पर जिथे अंगाला जोडलेला असतो तिथपर्यंत ती मानक लांबी. हे शेवटचे टोक डोळ्यांनी दिसत नाही; शेपूट हलकेच बाजूला वाकवली की जिथे आडवी घडी पडते ती जागा धरायची. आता एकच बांगडा घ्या: एकूण लांबी २४६, बेचक्यापर्यंत २२०, मानक २०३, उंची ४७ मिमी. एकूण लांबीने भागले तर १९.१ टक्के, बेचक्याच्या लांबीने २१.४ आणि मानक लांबीने २३.२. मासा तोच. तुम्ही ज्या फरकाबद्दल विचारता आहात त्यापेक्षा मोठा फरक नुसती लांबी बदलल्याने पडला. म्हणून वहीत 'उंची/लांबी' असे कधीच लिहू नये. 'उंची, बेचक्याच्या लांबीच्या टक्के' असे पूर्ण लिहावे. दोन जणांनी मासे वाटून मोजले असतील तर हे पहिल्यांदा तपासा.

बांगडा, सुरमई यांच्यासाठी बेचक्याची लांबी सोयीची, कारण शेपटीची टोके जाळ्यात आणि टोपलीत हमखास झिजतात, तुटतात. बोंबलाला हा नियम चालत नाही: त्याच्या शेपटीला तीन पाकळ्या असतात, मधली पाकळी बेचक्यातूनच बाहेर आलेली असते. तिथे मानक लांबी घ्या.

उंचीचेही तसेच. सगळ्यात जास्त उंची घ्यायची की ठरावीक जागची? बांगड्याच्या जाती ओळखण्याच्या तक्त्यांत उंची कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेशी मोजतात. त्यामागे शहाणपण आहे. पोटाशी मोजलेली उंची माशाने काय खाल्ले, गाबोळी किती भरली आहे, आणि पकडून किती वेळ झाला यावर हलते. पोट मऊ पडून फुटायला आलेला मासा पोटाशी चपटा होतो. कल्ल्याच्या कडेशी आत हाडे आहेत, तिथे माप टिकते. एका बंदराचे मासे गाबोळीचे आणि दुसऱ्याचे गाबोळी टाकलेले असतील, तर पोटाशी मोजलेल्या उंचीतून तुम्ही माशाची ठेवण नाही, हंगाम मोजलेला असेल.

या मापांनी जातीचा प्रश्न लगेच सुटतो. आपल्या किनाऱ्यावर सर्रास मिळणारा बांगडा म्हणजे रास्ट्रेलिजर कानागुर्टा. त्याची कल्ल्याच्या कडेशी मोजलेली उंची बेचक्याच्या लांबीत ४.३ ते ५.२ वेळा बसते. त्याचा जास्त उंच अंगाचा भाऊबंद ब्राकिसोमा (हा अंदमानकडे मिळतो) ३.७ ते ४.३ वेळा, आणि सडपातळ फाउनी ४.९ ते ६.० वेळा. तुमचे २१.० टक्के म्हणजे ४.७६ वेळा, २२.४ म्हणजे ४.४६ वेळा. मापे याच पद्धतीने घेतली असतील तर दोन्ही सरासऱ्या कानागुर्टाच्या घरात आहेत. शिवाय त्याचे डोके उंचीपेक्षा लांब असते; ब्राकिसोमात डोके उंचीइतके किंवा कमी. वरच्या माशाचे डोके ५५ मिमी असेल तर ५५ भागिले ४७, म्हणजे १.१७. एकच्या वर आहे, चालले. ४.९ ते ५.२ या पट्ट्यात कानागुर्टा आणि फाउनी एकमेकांत शिरतात हे मात्र लक्षात ठेवा. तिथे गुणोत्तर गप्प बसते आणि तोंड उघडून बघावे लागते: कानागुर्टाचे कल्ल्यांवरचे पिसांसारखे दाते इतके लांब असतात की उघड्या तोंडातून दिसतात.

मोजण्याची पद्धत. मासा डाव्या अंगावर किंवा उजव्या, पण सगळे एकाच अंगावर. रिवाज माशाची डावी बाजू मोजण्याचा आहे. तोंड मिटलेले हवे. जबडा उघडा राहिला तर लांबी दोनचार मिलिमीटरने सहज बदलते. बर्फातून काढलेला मासा वाकडा ताठरलेला असेल तर जोर लावून सरळ करू नका, ताठरपणा उतरेपर्यंत थांबा किंवा तो मासा वगळा. शिंप्याचा टेप अंगावरून फिरवायचा नाही. त्याने पोटाच्या गोलाईची लांबी मिळते, दोन टोकांमधले सरळ अंतर नाही. लांबीला पट्टी चालेल, पण उंची, डोके आणि डोळा यांना व्हर्नियर कॅलिपरच हवा. कारण साधे आहे: एक मिलिमीटरची चूक २२० मध्ये अर्धा टक्काही नाही, ४७ मध्ये दोन टक्क्यांहून जास्त आहे, आणि १० मिमीच्या डोळ्यात दहा टक्के. गुणोत्तराची अचूकता लहान मापावर ठरते. बोंबलासारख्या लिबलिबीत माशाला कॅलिपरचे जबडे नुसते टेकवा, दाबलेत की उंची तुम्हाला हवी तेवढी येते.

ताजा मासा ताज्याशीच ताडून बघा. फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) ठेवलेले मासे आकसतात आणि सगळ्या दिशांनी सारखेच आकसतील याची खात्री नसते. गोठवलेल्यांचेही वेगळे टिपण ठेवा.

फोटोवरून मोजणाऱ्यांसाठी एक चांगली आणि एक वाईट बातमी. चांगली अशी की पट्टी टेबलावर आणि माशाचा मध्य त्यावर अडीच सेंटिमीटर उंच असेल, कॅमेरा अर्ध्या मीटरवर असेल, तर मासा सुमारे पाच टक्के मोठा दिसतो. पण लांबी आणि उंची दोन्ही त्याच पातळीवर असल्याने भागाकारात ती चूक कटून जाते. वाईट अशी की तिरपा फोटो भागाकारात कटत नाही. मासा एका बाजूला २० अंश कललेला असेल तर उंची सहा टक्के कमी दिसते, लांबी तेवढीच राहते. २२.४ चे २१.० होते. म्हणजे तुमचा सगळा फरक कॅमेऱ्याच्या कलाने तयार होऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. गुणोत्तराने आपण काय गृहीत धरतो? मासा वाढताना त्याची प्रत झेरॉक्स यंत्रात मोठी केल्यासारखी सगळीकडून सारखी वाढते, असे. सजीव तसे वाढत नाहीत. तान्ह्या बाळाचे डोके उंचीच्या चौथा भाग असते, मोठ्या माणसाचे साडेसातावा-आठवा. पूर्वी जन्मतारखेचा दाखला नसला की शाळेत नाव घालताना मुलाला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगत. हात पोचला तर मूल शाळेच्या वयाचे. ती चाचणी नेमकी याच गोष्टीवर उभी होती: डोक्यापेक्षा हात वेगाने वाढतो. वय अंदाजाने कळायचे ते गुणोत्तर बदलते म्हणूनच. ते बदलत नसते तर तिचा काही उपयोग नव्हता.

जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९२४ मध्ये फिडलर खेकड्याच्या नराच्या मोठ्या नांगीवर हेच दाखवले. मुंबईच्या खाड्यांच्या चिखलात एक नांगी हलवत बसलेले छोटे खेकडे त्याच कुळातले. अंगाचे वजन वाढते त्यापेक्षा नांगीचे वजन वेगाने वाढते, पण लहर लागेल तसे नाही. दोन्हींचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन आलेख काढला की सरळ रेषा मिळते. १९३६ मध्ये हक्सली आणि जॉर्ज तेसिये यांनी याला अ‍ॅलोमेट्री हे नाव दिले. विषम वाढ म्हणू या.

सूत्र एवढेच: उंची = स्थिरांक गुणिले लांबीचा घात. तो घात कितवा, तो आकडा म्हणजे घातांक. घातांक १ आला तर माशाची ठेवण वाढताना बदलत नाही, गुणोत्तर बिनधास्त वापरा. १ पेक्षा जास्त आला तर मोठा मासा तुलनेने उंच, कमी आला तर सडपातळ. घातांक १.२ म्हणजे फार काही नाही असे वाटते. पण लांबी दुप्पट झाली की गुणोत्तर २ च्या ०.२ व्या घाताने वाढते, म्हणजे १.१५ पट: १०० मिमीच्या पिल्लाचे १८ टक्के, २०० मिमीच्या माशाचे २०.७.

तुमच्या आकड्यांवर हेच लावू. उंचीचा घातांक १.२ आहे असे मानू (खरा आकडा तुमच्याच साठ माशांतून काढायचा आहे). १८० वरून २४० म्हणजे लांबी १.३३ पट. तिचा ०.२ वा घात १.०६. २१.० गुणिले १.०६ म्हणजे २२.२. पहिल्या बंदराचेच बांगडे मोठे झाले असते तर २२.२ टक्क्यांवर पोचले असते, आणि दुसऱ्या बंदराचे आले आहेत २२.४. तुमच्या १.४ च्या फरकातला १.२ नुसत्या वाढीचा. उरलेले ०.२ मोजण्यातल्या चुकीत बुडून जाईल.

हे शिस्तीत करायचे असे. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक माशाची बेचक्याची लांबी आणि उंची दोन स्तंभांत. शेजारी दोन्हींचे लॉग. मग आधी आलेख काढा, आकडेमोड नंतर. एका बंदराचे ठिपके एका रंगात, दुसऱ्याचे दुसऱ्या. दोन्ही रंगांचे ठिपके एकाच तिरक्या पट्ट्यावर पुढेमागे पडले तर गोष्ट संपली: लहान मासे आणि मोठे मासे, बाकी काही नाही. एक रंग दुसऱ्याच्या वर समांतर उचललेला दिसला तर ठेवणीत खरा फरक असण्याची शक्यता. ठेवणीचा फरक डोळ्यांनी जितका स्वच्छ कळतो तितका सरासरीच्या कुठल्याही दोन आकड्यांतून कळत नाही.

लॉगच्या आलेखातल्या रेषेचा चढ म्हणजेच घातांक; त्यासाठी स्प्रेडशीटमधले स्लोप (SLOPE) हे सूत्र वापरा. त्यात आधी उंचीचा लॉग, नंतर लांबीचा; उलट दिलेत तर उलट्या रेषेचा चढ येतो आणि यंत्र काही तक्रार करत नाही. घातांक प्रत्येक बंदराचा वेगळा काढा. साठच्या साठ मासे एकत्र ओतून काढलात तर बंदरांमधला फरकच घातांकात मिसळतो. दोन्ही घातांक जवळपास सारखे आले तर त्यांची सरासरी धरून सगळे मासे एका मापावर आणा: उंची गुणिले (ठरवलेली लांबी भागिले त्या माशाची लांबी) याचा तो घात. ठरवलेली लांबी २१० मिमी घेतली, घातांक १.२ धरला, तर १८० मिमीच्या आणि ३७.८ मिमी उंचीच्या माशाची उंची ४५.५ होते, २४० च्या आणि ५३.८ उंचीच्या माशाची ४५.८. तुलना करायची ती या दोन आकड्यांची. तीन दशांश मिलिमीटरचा फरक म्हणजे कॅलिपर जरा जोरात दाबल्याचा फरक.

दोन घातांक वेगळे आले, एकाचा १.०५ आणि दुसऱ्याचा १.३ वगैरे, तर मासे एका मापावर आणू नका. रेषा समांतर नसताना कोणती लांबी निवडली यावर उत्तर बदलते. एका गटातले सगळे मासे १७५ ते १८५ च्या आत असतील तर घातांकच भरवशाचा नाही. एवढ्या आखूड पट्ट्यातून रेषेचा चढ कसाही निघू शकतो. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांत दीडदोन पटींचे अंतर हवे. शक्य असेल तर दोन्ही बंदरांतून एकाच मापाचे मासे निवडून आणणे हा सगळ्यात सोपा उपाय आहे. मग घातांकाची कटकटच उरत नाही. मात्र मासळीबाजारातले ढीग आधीच मापाने निवडलेले असतात. एकाच ढिगातून तीस मासे घेतलेत तर ते बंदराचे नाही, त्या ढिगाचे प्रतिनिधी.

सरासरीबद्दल एक खाच. 'इतक्या वेळा' आणि 'इतके टक्के' ही एकच गोष्ट उलटसुलट, पण त्यांच्या सरासऱ्या उलट केल्या तर जुळत नाहीत. एका माशाची उंची ४ वेळा आणि दुसऱ्याची ६ वेळा बसते, सरासरी ५. टक्क्यांत ते २५ आणि १६.७, सरासरी २०.८, आणि ती उलटी केली की ४.८. म्हणून मी वर तुमचे टक्के 'वेळां'त बदलले ते फक्त अंदाजासाठी. पक्के काम करताना प्रत्येक माशाचे आधी बदला, मग सरासरी काढा. तसेच डोके/लांबी आणि उंची/लांबी यांचा आलेख काढून 'डोके मोठे असलेले मासे उंचही असतात' असा निष्कर्ष काढू नका. दोन्हींखाली तीच लांबी आहे. ती थोडी कमी मोजली गेली की दोन्ही गुणोत्तरे एकदम वाढतात. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच हा खोटा संबंध दाखवून दिला होता, आणि आजही प्रकल्पांच्या वह्यांत तो दिमाखात छापलेला सापडतो.

वजन घेतले असेल तर तिथे घातांक ३ भोवती असतो, कारण वजन घनाने वाढते. दुप्पट वजनाचा पापलेट लांबीला जेमतेम सव्वापट भरतो, हे मासळी घेणाऱ्याला हिशेब न करता माहीत असते. शरीर किती भरलेले आहे हे बघायला वजन (ग्रॅम) गुणिले १०० भागिले लांबीचा (सें.मी.) घन असा फुल्टनचा अंक काढतात. आपला २२ सें.मी.चा बांगडा १३० ग्रॅमचा असेल तर १.२२. तोच एकूण लांबीने, २४.६ ने, काढलात तर ०.८७. पुन्हा लांबी कोणती ते लिहिणे आलेच. हा अंक एकाच जातीत, एकाच मापाच्या माशांत वापरायचा. पापलेटाचा अंक बांगड्यापेक्षा मोठा आणि बोंबलाचा छोटा येणारच. त्याचा अर्थ पापलेट खाऊनपिऊन सुखी आणि बोंबील उपाशी असा होत नाही. घातांक ३ नसेल तर एकाच जातीतही हा अंक लांबीबरोबर सरकतो. म्हणून ल क्रेन यांनी १९५१ मध्ये प्रत्यक्ष वजन भागिले त्या लांबीला अपेक्षित वजन असा अंक सुचवला. तो १ च्या वर तर मासा सरासरीपेक्षा भरलेला. तुमचा 'अंगाने भरलेले' हा प्रश्न खरे तर याच अंकाने विचारायला हवा होता. उंचीचे गुणोत्तर त्यासाठी दुय्यम.

वेगवेगळ्या जातींची तुलना पुढे करणार असाल तर एक सापळा सांगून ठेवतो. लेपा आणि पाकट दोन्ही चपटे, तळाशी पसरून राहणारे. वरून बघून दोघांची रुंदी भागिले लांबी काढली तर आकडे मिळतील, पण त्यांची तुलना होत नाही. पाकट पाठ-पोटाने दाबलेला आहे, त्याची रुंदी ही रुंदीच. लेपा एका कुशीवर लवंडलेला मासा आहे, दोन्ही डोळे एका बाजूला सरकलेले. त्याची दिसणारी रुंदी म्हणजे बांगड्याची उंची. त्याला उभा धरा, पाठीचा पर शोधा, मग माप घ्या. दोन प्राण्यांत तोच अवयव, तीच दिशा धरली आहे का हे भागाकाराच्या आधी ठरते.

आणि शेवटी, एकच गुणोत्तर सारखे असलेले दोन मासे दिसायला वेगळे असू शकतात: एक खांद्याशी उंच, दुसरा मधोमध. कल्ल्याच्या कडेशी घेतलेली एकच उंची हे सांगणार नाही. त्यासाठी स्ट्रॉस आणि बुकस्टाइन यांची १९८२ ची जाळीची पद्धत घरी करता येते. थर्माकोलवर आलेखकागद, त्यावर मासा, पर टाचणीने पसरलेले. मग ठरलेल्या जागी माशाच्या कडेला उभ्या टाचण्या टोचायच्या: जबड्याचे टोक, डोक्याच्या वरच्या भागाचा मागचा शेवट, पहिल्या आणि दुसऱ्या पाठीच्या परांची सुरुवात, पोटाच्या पराची सुरुवात, गुदपराची सुरुवात, आणि शेपटीच्या घडीची वरची व खालची टोके. मासा उचलला की कागदावर भोके राहतात. शेजारच्या भोकांमधली अंतरे आणि कर्ण मोजले की माशाचे अंग चौकोनांत विभागलेले मिळते, आणि फरक पुढच्या चौकोनात आहे की मागच्या ते कळते. प्रत्येक अंतराला वरचीच घातांकाची दुरुस्ती लागते. बांगड्याच्या दुसऱ्या पाठीच्या परामागे पाच सुट्ट्या परुल्या असतात. त्यातली पहिली परुली चुकून पराची सुरुवात म्हणून टोचली जाते, तेव्हा मोजून घ्या.